पुडीला विचारा, तू आलीस कुठून?

(या आठवड्याच्या भागाचा लिखित मजकूर. ज्यांचं ऐकायचं राहून गेलं आणि ज्यांना वाचायलाच आवडतं, त्यांच्यासाठी.)

हेडफोन लावलात ना? चला, सुरू करू.

आज तंबाखूच्या तस्करीबद्दल बोलायचंय. तस्करी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? रात्रीचा समुद्र, होडी, दिवे बंद, पेट्या उतरवणारी माणसं. सत्तरच्या दशकातला हिंदी सिनेमा. माझ्याही डोळ्यांसमोर तेच यायचं. पण गेल्या दिवाळीत घरात जे बघितलं, त्यानंतर मी हा विषय शोधत बसलो, आणि होडी कुठेतरी मागेच राहिली.

माझा मामा यवतमाळ जिल्ह्यात एका गावात गॅरेज चालवतो. दिवाळीला सगळे जेवायला बसलो, आणि माझ्या लक्षात आलं की मामा भाकरी दुधात कुस्करून खातोय. शेव नाही, चकली नाही. विचारलं तर हसला, पण हसतानाही तोंड नीट उघडत नव्हतं. नंतर डॉक्टरांनी सांगितलं, माणसाच्या तोंडात साधारण तीन बोटं उभी जायला हवीत, याच्या जेमतेम दीड जातात. या आजाराचं नाव सबम्युकस फायब्रोसिस. सुपारीमुळे गालाच्या आतलं अस्तर हळूहळू ताठ होत जातं, आणि पुढे त्यातून कॅन्सर होण्याचा धोका असतो. मामाच्या खिशात रोज गुटख्याच्या सहा-सात पुड्या असायच्या.

आता गंमत ऐका. गंमत म्हणजे, तशी नाहीच. महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली 2012 मध्ये. मामाने गुटखा खायला सुरुवात केली 2014 मध्ये. म्हणजे त्याची सवय लागली ती बंदीनंतर! मी विचारलं, "मामा, बंदी होती ना? मग तुम्हाला मिळत कसा होता?" तर म्हणाला, "अरे बाबू, बंदी हाय म्हणून तर पाचची पुडी दहाला भेटते. पण भेटते."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. मी सॉफ्टवेअरवाला माणूस. सिस्टीममध्ये एखादी गोष्ट बंद केली आणि तरी ती चालू राहिली, तर आम्ही म्हणतो, बग आहे. मग हा बग नेमका कुठे आहे?

आधी बंदी कशी आहे ते बघू. देशात अन्न सुरक्षा आणि मानके कायदा 2006 चा आहे. त्याखालच्या 2011 च्या नियमांत साधं लिहिलंय की कुठल्याही खाद्यपदार्थात तंबाखू किंवा निकोटिन घटक म्हणून घालता येणार नाही. गुटखा खाल्ला जातो, म्हणजे तो अन्न, आणि त्यात तंबाखू, म्हणून बंद. एप्रिल 2012 मध्ये मध्य प्रदेशने पहिल्यांदा हे केलं, त्याच वर्षी महाराष्ट्रानेही. आपल्याकडे गुटख्यासोबत पानमसाला, सुगंधित तंबाखू, सुगंधित सुपारी, खर्रा, मावा हेही त्यात आले. कायद्यानुसार अन्न सुरक्षा आयुक्तांचा असा आदेश जास्तीत जास्त एक वर्ष टिकतो, म्हणून तो दरवर्षी नव्याने काढावा लागतो.

बंदी आली तशी पळवाटही आली. पानमसाल्याची पुडी वेगळी, तंबाखूची पुडी वेगळी. दुकानदार दोन्ही एकदम देतो, गिऱ्हाईक फाडून तळहातावर एकत्र करतं. झाला गुटखा! आणि हा माल राज्याच्या सीमेपलीकडून येतो. ट्रकमध्ये वर कांद्याच्या गोण्या आणि खाली पोती, किंवा ट्रॅव्हल्सच्या डिकीत. मग अन्न व औषध प्रशासन आणि पोलीस छापा टाकतात, पेपरात बातमी येते: "इतक्या लाखांचा गुटखा जप्त, चालक ताब्यात."

आता या बातमीकडे डेव्हलपरच्या नजरेने बघा. पकडला कोण गेला? ड्रायव्हर. फार तर टपरीवाला. ती पुडी कुठल्या कारखान्यात, कुठल्या मशीनवर, कुठल्या दिवशी भरली? कुणाच्या नावाने बाहेर पडली? ते पुडी सांगत नाही. पुडीला तोंड नाही. आमच्या भाषेत, एरर शेवटच्या स्क्रीनवर दिसतोय आणि लॉग कुठेच नाही. मग आम्ही काय करू? स्क्रीन पुसत बसू. तेच चाललंय.

म्हणजे प्रश्न नुसता बंदी कडक आहे की ढिली, हा नाही. आपले नियम साखळीतल्या शेवटच्या हाताला धरतात. पहिल्या हातापर्यंत पोचायची वाटच त्यात नाही. आजच्या भागात मला एवढंच सांगायचंय. ही वाट बांधता येते, जगात काही ठिकाणी बांधली गेलीय, आणि आपल्याकडे आत्ता ती बांधायची वेळ आलीय.

जगात काय झालं ते बघू. नव्वदच्या दशकात मोठमोठ्या सिगारेट कंपन्यांवर एक विचित्र आरोप होऊ लागला. त्यांचाच खरा, अस्सल माल तस्करीत सापडत होता. बनावट नाही, अस्सल! एखाद्या देशात तिथली गरज आहे त्याच्या कितीतरी पट माल पाठवायचा, आणि पुढे तो चोरवाटेने शेजारच्या देशात जातो तेव्हा दुसरीकडे बघायचं. कॅनडात 2008 मध्ये दोन मोठ्या कंपन्यांनी गुन्हा कबूल केला आणि दंड व भरपाई मिळून 1.15 अब्जाच्या आसपास कॅनेडियन डॉलर मोजायचं मान्य केलं. युरोपीय संघाशी फिलिप मॉरिसने 2004 मध्ये करार केला: बारा वर्षांत सव्वा अब्ज डॉलर द्यायचे आणि आपला माल कुठे जातो यावर लक्ष ठेवायचं. म्हणजे होडीवाला होताच, पण त्याच्या होडीत माल कारखान्याच्या पुढच्या दारातून आला होता.

ब्रिटनने यातून धडा घेतला. 2000 मध्ये तिथे परिस्थिती अशी होती की विकल्या जाणाऱ्या दर पाच सिगारेटींमागे साधारण एक तस्करीची. सरकारने सीमेवर माणसं आणि स्कॅनर वाढवले, आणि 2006 मध्ये कायदाच केला की आपला माल तस्करीत जाऊ नये ही उत्पादकाचीही जबाबदारी. कुचराई केली तर 50 लाख पौंडांपर्यंत दंड. पुढच्या दहा-बारा वर्षांत तस्करीचा वाटा निम्म्याहून खाली आला. आणि या काळात तिथला तंबाखूवरचा कर जगातल्या सगळ्यात जास्त करांपैकी एक होता, तो कमी झाला नाही.

हे मुद्दाम सांगतोय, कारण आपल्याकडे कर वाढवायची चर्चा निघाली की लगेच ऐकू येतं, "कर वाढवला तर तस्करी वाढेल." यात थोडं तथ्य आहे. किमतीतला फरक हेच तस्कराचं उत्पन्न. पण फरक असणं आणि वाट मोकळी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ब्रिटनने फरक ठेवला आणि वाट अरुंद केली.

मग आला जागतिक करार. जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण कराराखाली, अवैध व्यापार संपवण्यासाठीचा प्रोटोकॉल 2012 मध्ये सोलमध्ये मंजूर झाला आणि 25 सप्टेंबर 2018 पासून लागू झाला. भारत त्यात जून 2018 मध्येच सामील झाला होता. त्यात बऱ्याच गोष्टी आहेत: परवाने, गिऱ्हाइकाची नीट ओळख ठेवणं, मुक्त व्यापार क्षेत्रांवर नजर. पण त्याचा कणा म्हणजे आठवं कलम, ट्रॅक अँड ट्रेस. प्रत्येक पाकिटावर वेगळा, न निघणारा, सुरक्षित कोड. तो वाचला की कळलं पाहिजे: कधी बनवलं, कुठे, कुठल्या मशीनवर, कुठल्या देशात विकायला होतं, पहिलं गिऱ्हाईक कोण.

आता हा माझा प्रांत. मी तीन वर्षं औषधांच्या पॅकिंगसाठी असंच सॉफ्टवेअर लिहिलंय. ऑगस्ट 2023 पासून देशातल्या 300 नावाजलेल्या औषध ब्रँडवर क्यूआर कोड आलेत, तुम्ही पट्टीवर पाहिले असतील. त्यामुळे थोडं आतलं सांगतो.

पहिली गोष्ट. क्यूआर कोड म्हणजे कुलूप नाही. तो फक्त नाव आहे. कोडचा फोटो काढून हजार पुड्यांवर छापायला कितीसा वेळ लागतो? झेरॉक्सवालाही करेल. मग उपयोग काय? उपयोग तेव्हा, जेव्हा एकच नाव एकाच दिवशी नागपुरात आणि रत्नागिरीतही स्कॅन होतं. तेव्हा सर्व्हर ओरडतो. म्हणजे ताकद कोडमध्ये नाही, स्कॅन करण्यात आहे. कोणी स्कॅनच केलं नाही तर कोड म्हणजे नुसती नक्षी.

दुसरी गोष्ट. बरेच जण म्हणतील, मग गिऱ्हाईकच करेल की स्कॅन, प्रत्येकाकडे फोन आहे. थांबा. आपल्याकडे सिगारेट कशी विकली जाते? सुट्टी! महाराष्ट्राने सप्टेंबर 2020 मध्ये सुट्ट्या सिगारेट आणि बिडी विकण्यावर बंदी आणली, पण माझ्या ऑफिससमोरच्या टपरीवर मी आजपर्यंत कोणाला अख्खं पाकीट घेताना क्वचितच पाहिलंय. चहा, एक सिगारेट, यूपीआय, संपलं. पाकीट काकांच्या डब्यात. 85 टक्के जागेवर छापलेलं ते भीतीदायक चित्रही गिऱ्हाइकाला दिसत नाही, तर कोड काय दिसणार! आणि मामा पुडी फाडण्याआधी ती स्कॅन करेल, असं वाटतं तुम्हाला? त्याला ती हवीय. खरी की खोटी, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

म्हणून स्कॅन वर व्हायला हवं. कारखान्याच्या दारात, गोदामात, वितरकाकडे. युरोपात 20 मे 2019 पासून हेच चालू आहे. पाकिटाचा कोड बॉक्सच्या कोडला बांधलेला, बॉक्सचा मोठ्या खोक्याच्या कोडला. खोकं एकदा स्कॅन केलं की आतल्या सगळ्या पाकिटांचा प्रवास नोंदला गेला. किरकोळ दुकानदाराच्या आधीपर्यंत प्रत्येक हाताने नोंद करायची. आधी सिगारेट आणि हाताने वळायचा तंबाखू होता, मे 2024 पासून बाकीची तंबाखूची उत्पादनंही आली.

तिसरी गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. कोड कोण बनवतं आणि लॉग कोणाकडे राहतो?

एक अनुभव सांगतो. एका ठिकाणी आमची सिस्टीम बसवली होती. रिपोर्टमध्ये दिसलं की रात्रपाळीला "खराब" म्हणून बाद केलेल्या कोडची संख्या दिवसपाळीच्या दुप्पट आहे. आता बघा, बाद कोड म्हणजे काय? सिस्टीम म्हणते हे पाकीट फेकून दिलं. पण ते खरंच फेकलं की मागच्या दाराने गेलं, हे सिस्टीमला कसं कळणार? आमचा जीव टांगणीला. शेवटी कळलं की कॅमेऱ्याच्या काचेवर धूळ बसत होती आणि रात्री कोणी पुसत नव्हतं. निव्वळ धूळ! पण मी त्या दिवशी शिकलो की जो मशीन चालवतो, तोच जर लॉगही सांभाळत असेल, तर धूळ आणि चोरी यातला फरक बाहेरच्या माणसाला कधीच कळणार नाही.

तंबाखूत नेमका हाच वाद झाला. कोडेंटिफाय नावाची एक सिस्टीम होती. बनवली कोणी? फिलिप मॉरिसने. 2010 च्या सुमारास बाकीच्या मोठ्या कंपन्यांनीही ती स्वीकारली, आणि सरकारांना सांगायला लागल्या, हीच वापरा. आरोग्य क्षेत्रातली मंडळी म्हणाली, अहो, ज्यांच्यावर लक्ष ठेवायचं त्यांच्याच हातात दुर्बीण? 2016 मध्ये ती सिस्टीम एका वेगळ्या कंपनीकडे गेली, तरी वाद शमला नाही. जागतिक प्रोटोकॉलमध्ये तर स्पष्ट लिहिलंय की सरकारवर टाकलेली ही कामं तंबाखू उद्योगाकडे सोपवता येणार नाहीत.

केनियाने 2013 पासून वेगळा रस्ता घेतला. तिथल्या महसूल विभागाने स्वतःची यंत्रणा आणली. कारखान्यातल्या लाइनवरच शिक्का लागतो आणि मोजणी होते, आकडा सरकारकडे जातो. बाजारात अधिकारी हातातल्या यंत्राने शिक्का तपासतात. नंतर लोकांसाठी ॲपही काढलं. आपल्याहून कितीतरी लहान अर्थव्यवस्था, पण त्यांनी मोजणी सुरू केली कारखान्यापासून.

आता घरी येऊ. प्रोटोकॉलप्रमाणे सिगारेटच्या पाकिटांवर असे कोड पाच वर्षांत यायला हवेत, बाकीच्या तंबाखू उत्पादनांवर दहा वर्षांत. आपली पाच वर्षं संपली सप्टेंबर 2023 मध्ये. डिसेंबर 2024 मध्ये जैसलमेरला जीएसटी परिषदेची बैठक झाली, तिथे करचुकवेगिरी जास्त होते अशा मालासाठी ट्रॅक अँड ट्रेसची शिफारस झाली. 2025 च्या वित्त कायद्याने जीएसटी कायद्यात 148अ हे कलम घातलं. सरकार ज्या मालाचं नाव अधिसूचनेत घेईल, त्यावर वेगळा, सुरक्षित कोड लावायचा. नाही लावला तर एक लाख रुपये किंवा त्या मालावरच्या कराच्या दहा टक्के, यातलं जे जास्त असेल तेवढा दंड.

त्याआधी मशीन मोजायचे प्रयत्नही झालेत. 2008 मध्ये नियम आला की पानमसाल्यावरचा उत्पादन शुल्क प्रत्यक्ष पुड्यांवर नाही, पॅकिंग मशीनच्या क्षमतेवर घ्यायचा. कारण साधं. छोट्या पुड्या मिनिटाला शेकड्याने भरल्या जातात, त्या मोजणार कोण? 2024 मध्ये पुन्हा पानमसाला आणि तंबाखू उत्पादकांना प्रत्येक पॅकिंग मशीनची जीएसटीकडे नोंद करायला सांगितलं, आणि न नोंदवलेल्या प्रत्येक मशीनला एक लाखाचा दंड ठेवला. मला हा विचार आवडतो. पुडी लपवणं सोपं, मशीन लपवणं अवघड.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. हे सगळं कर विभागाचं. बंदी आहे अन्न व औषध प्रशासनाची. परदेशी सिगारेट, ज्यांच्यावर आपलं चित्र नसतं आणि ज्या न्हावाशेवासारख्या बंदरात कंटेनरमध्ये भलत्याच मालाच्या नावाखाली सापडतात, त्या कस्टम्स आणि महसूल गुप्तचर संचालनालयाच्या. तीन खाती, तीन वेगळे डेटाबेस. आता कल्पना करा की यवतमाळच्या अधिकाऱ्याने टपरीवर पानमसाल्याची पुडी जप्त केली, फोन काढला, स्कॅन केलं. स्क्रीनवर आलं: अमुक कारखाना, अमुक मशीन, अमुक तारीख, दुसऱ्या राज्यातल्या अमुक वितरकाला पाठवली. अशा पन्नास जप्त्यांत एकाच वितरकाचं नाव आलं, तर? मग ती बातमी "चालक ताब्यात" इथे थांबणार नाही.

आणि पुडीवर कोडच नसेल तर? तेही उत्तरच आहे. म्हणजे तो कारखाना नोंदीतच नाही, आणि शोध पॅकिंग मशीनचा, लॅमिनेट पुरवणाऱ्याचा, सुपारीच्या खरेदीचा घ्यायचा.

हे आपोआप होणार नाही. यासाठी तीन गोष्टी लागतील. कोड बनवणारा उत्पादकापासून स्वतंत्र असला पाहिजे. लॉग सरकारच्या ताब्यात, आणि नंतर कोणालाही बदलता येणार नाही असा. आणि कर विभागाचा हा डेटा अन्न व औषध प्रशासनाच्या त्या साध्या निरीक्षकाच्या फोनवर उघडला पाहिजे. नियम करताना या तिन्हींतली एक जरी सुटली, तर आपल्या पुडीवर एक सुंदर चौकोनी नक्षी असेल आणि ड्रायव्हर पूर्वीसारखाच ताब्यात असेल.

तुम्ही म्हणाल, याने गुटखा खाणं बंद होईल का? नाही. सवय कोडने सुटत नाही. मामाने गुटखा सोडलाय, पाच महिने झाले. रोज सकाळी तो आरशासमोर उभा राहून तोंड उघडायचा व्यायाम करतो, आईस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून दातांत धरतो. आधी आठ जायच्या, आता अकरा जातात. फोनवर तेवढंच सांगतो, "बाबू, अकरा."

पण त्याच्या गॅरेजमध्ये एक पोरगा कामाला आहे, एकोणीस वर्षांचा. त्याच्याही खिशात पुडी असते. ती आली कुठून, हे मामाला माहीत आहे, पोराला माहीत आहे, टपरीवाल्याला माहीत आहे. त्या टपरीच्या मागे कोण आहे, हे तिघांनाही माहीत नाही.

तुमच्या गावात, तुमच्या कॉलेजच्या गेटवर काय परिस्थिती आहे, मला नक्की लिहून पाठवा. आणि ज्याचं तोंड नीट उघडत नाहीये असा कोणी ओळखीत असेल, तर हा भाग पाठवायच्या आधी त्याला दातांच्या डॉक्टरकडे पाठवा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.